पायाखालचं शून्य

मंगळवारी दुपारी सावकाशने ड्रायव्हिंग शाळेच्या बाईंच्या हातात किल्ली ठेवली, "गाडी ठणठणीत आहे, बिनधास्त जा," असं सांगितलं, आणि गाडी कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंतसुद्धा पोचली नाही.

गाडी बंद पडली असती तर एक वेळ बरं. ती बंद पडली नाही. मागचे दोन्ही लाल दिवे पेटले ते पेटलेच राहिले, समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, आणि बाईंनी ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी लग्नातल्या सासूसारखी ठुमकत चालायला लागली. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि गाडी चालवणार कोण, तर एकोणीस वर्षं लोकांना शिकवणाऱ्या बाई स्वतः. मागचा टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मावशी, घाबरू नका, पहिल्या दिवशी असंच होतं."

बाई गाडी वळवून परत गॅरेजमध्ये आल्या. किल्ली सावकाशच्या समोर टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी दहा वाजता माझ्या सहा जणांची परीक्षा आहे. याच गाडीवर."

आता हा सावकाश कोण ते सांगितलं पाहिजे.

हा माणूस बावीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवत होता. स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना पुढच्या टोकाला तो असायचा आणि मागच्याला सतत सांगायचा, "सावकाश, सावकाश." दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनी तेच नाव ठेवलं. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं नाव सावकाश, यावर दवाखान्यात येणारा प्रत्येक नवा डॉक्टर एकदा तरी हसून घ्यायचा. हा काही बोलायचा नाही. बोलायचं कारणही नव्हतं, कारण गाडी तो जोरातच हाकायचा. त्याची खासियत वेगळी होती. गाडी कधी थांबली हे मागे झोपलेल्याला कळू द्यायचं नाही. पाठीचा मणका मोडलेला माणूस घेऊन त्याने भर गर्दीतून गाडी आणली होती आणि त्या माणसाने उतरताना विचारलं होतं, आपण निघालो का अजून.

पन्नाशी ओलांडली आणि डाव्या डोळ्याने संप केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या दोन ओळींनी लायसन गेलं. सावकाश सहा महिने घरी बसला. घरी बसलेला नवरा म्हणजे काय असतं हे त्याच्या बायकोने धाकट्या बहिणीला फोनवर इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे साडूने, त्याला आपल्या गॅरेजमध्ये बोलावून घेतलं. काम काय, तर फाटकापाशी बसायचं, आलेल्या गाडीचा नंबर आणि तक्रार लिहून घ्यायची आणि सुटे भाग आणायला जायचं, तेही पायी. साडू वयाने लहान, पण गॅरेज त्याचं. दोघं एकमेकांना 'अहो' म्हणायचे आणि त्या 'अहो'मध्ये दोघांचीही थोडी पंचाईत असायची.

मग स्कॅनर आला. मोठ्या वहीएवढी काळी पाटी, तिला शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला प्लग. हा प्लग स्टिअरिंगखालच्या खाचेत घातला की गाडीला काय होतंय ते पाटीवर कोड होऊन उमटतं. साडूने यंत्र घेतलं खरं, पण त्याच्यासमोर बसायचा धीर त्याला नव्हता. त्याचं बोट पडद्यावर दोनदा पडायचं, यंत्र भलतीकडे जायचं, मग साडू यंत्राला शिव्या घालायचा आणि यंत्र त्याला तीच ती सूचना पुन्हा दाखवायचं. गॅरेजमधले दोघे मिस्त्री त्याच्या वाऱ्याला उभे राहीनात. ते म्हणायचे, गाडी हाताने कळते, पाटीने नाही.

सावकाशला मात्र यंत्र जमलं. ते सांगेल तेवढंच करायचं, सांगेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. त्याने एक वही केली. डाव्या बाजूला कोड, उजव्या बाजूला त्याचा आपल्या भाषेतला अर्थ. दीड वर्षात वहीची तीनशे पानं भरली आणि गिऱ्हाइकं फाटकाशी येऊन विचारायला लागली, "मशीनवाले काका आहेत का?" फाटकापाशी आता दुसराच माणूस बसत होता. सावकाशला आत पत्र्याखाली एक टेबल मिळालं, पंखा मिळाला, आणि साडूच्या 'अहो'मधली पंचाईत बरीच कमी झाली.

बाईंची गाडी पहिल्यांदा आली शनिवारी. तक्रार सरळ होती. ब्रेक दाबला तरी मागचे दिवे कधी लागायचे, कधी नाही. सावकाशने प्लग लावला. कोड आला. वहीत पाहिलं तर ब्रेक पेडलच्या सेन्सरचा. पेडल किती दाबलंय हे गाडीच्या डोक्याला कळवणारी ही वस्तू पेडलच्या मुळाशी असते, काडेपेटीएवढी. ती बाद झाली होती, आणि तेवढं त्याचं निदान बरोबरच होतं. नवी आणली, मिस्त्रीने बसवली. नव्या सेन्सरला शिकवावं लागतं की पेडल मोकळं असताना म्हणजे किती. त्याला शून्य शिकवणं म्हणतात. यंत्रावर बटण असतं. सावकाश गाडीत बसला, बटण दाबलं, यंत्राने हिरवी खूण दाखवली. गाडी गेली. सोमवारी संध्याकाळी परत आली, मागचे लाल दिवे कायमचे पेटवून. सावकाशने कोड पुसला, शून्य पुन्हा शिकवलं, आणि मंगळवारी दुपारी पेट्रोलपंपाचा तो तमाशा झाला.

"तोच कोड आहे का?" साडूने मंगळवारी विचारलं.

"तोच," सावकाश म्हणाला.

बुधवारी सकाळी निवांतपणे चष्मा पुसून पाहिल्यावर त्याला दिसलं, की तोच नव्हता. पहिले आकडे तेच, शेवटचा वेगळा. शनिवारचा कोड म्हणत होता की सेन्सरचा निरोप मध्येच तुटतोय. हा नवा म्हणत होता की शून्य जागेवर नाही, पेडल शून्याच्याही वर गेलंय. सावकाशने इकडेतिकडे पाहिलं. साडू एका गाडीखाली होता, फक्त चपला दिसत होत्या. त्या चपलांना सांगण्यासारखं काही नाही, असं ठरवून त्याने वही मिटली.

शून्य जागेवर नाही, तर पुन्हा शिकवू. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, यंत्र मांडीवर घेतलं. यंत्र म्हणालं, पेडलवरचा पाय काढा. सावकाशने 'हो' दाबलं. हिरवी खूण. पडद्यावर पेडलचा आकडा शून्य. पाच मिनिटं बसून राहिला, शून्य म्हणजे शून्य. एकदा नव्हे, तीनदा केलं. गाडी रस्त्यावर न्यायचं काम साडूचं, कारण सावकाशला लायसन नाही. साडू फाटकाबाहेर पडला, कोपऱ्यापर्यंत गेला, आणि लाल दिवे मिरवत परत आला.

या वेळी तो गाडीतून उतरून सावकाशच्या टेबलाशी आला आणि खुर्चीवर बसला. साडू कामाच्या वेळात खुर्चीवर बसला की समोरच्याने सावध व्हायचं, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो, राग मानू नका," साडू म्हणाला.

"नाही मानत. बोला."

"एकच सेन्सर, पाच दिवस. बाई ओळखीच्या आहेत म्हणून गप्प आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत झालं नाही तर मी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला टो करून पाठवतो. ते शुक्रवारी देणार नाहीत, बाईंची सहा मुलं घरी बसतील. परीक्षेचा पुढचा नंबर दोन महिन्यांनी."

"बरोबर आहे."

"आणि तसं झालं तर," साडूने टेबलावरची वही सरळ केली, ती सरळच होती, "यंत्रासाठी एखादा शिकलेला माणूस बघावा लागेल. तुम्ही फाटक बघायचात ते चांगलं बघायचात."

"फाटक काय, कोणीही बघेल."

"तेच म्हणतोय मी," साडू म्हणाला. आपण नक्की काय म्हणालो हे त्यालाही नीट कळलं नाही, म्हणून तो उठून गेला.

त्या दिवशी घरी सावकाश नेहमीपेक्षा कमी बोलला. बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, "गाडी खोटं बोलतेय." बायको म्हणाली, "मग गाडीला सांगा, तुमच्या साडूशी बोल म्हणावं, दोघांचं जमेल." या बाईला बहिणीच्या नवऱ्यावर टोमणा मारायला निमित्त लागत नसे.

गुरुवारी सकाळी सावकाशने यंत्र बाजूला ठेवलं आणि मिस्त्रीकडून व्होल्ट मोजायचा मीटर मागून घेतला. मिस्त्रीने मीटर दिला तो चेहऱ्यावर काही न दाखवता, पण मग दिवसभर शीळ वाजवत होता. या गाडीला दुहेरी पेडलं होती. शिकणाऱ्याने घोळ घातला तर बाईंना ब्रेक मारता यावा म्हणून शेजारच्या सीटपुढे दुसरं पेडल, आणि ते पहिल्याला लोखंडी दांड्याने जोडलेलं. सावकाशला वाटलं, हाच दांडा ओढत असणार. मिस्त्रीने दांडा काढला. फरक पडला नाही. दांडा परत लावला.

मग सावकाश दाराबाहेर पाय काढून, स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा झोपला. बावन्न वर्षांच्या माणसाने तसं झोपणं हे बघणाऱ्यालाही दुखतं. सेन्सरकडून दोन तारांवरून दोन निरोप जातात. पेडल दाबलं की एक चढतो, दुसरा तेवढाच उतरतो, म्हणजे एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता येतं. सावकाशने दोन्ही मोजले. शून्य दशांश सात, आणि चार दशांश तीन. सेन्सरबरोबर आलेल्या कागदावर मोकळ्या पेडलचे हेच आकडे होते. म्हणजे सेन्सर चोख, तारा चोख.

तो कसाबसा उठला, कपडे झटकले, सीटवर बसला आणि यंत्रात तेच दोन आकडे उघडले. एक आणि चार.

पुन्हा खाली झोपला. शून्य-सात आणि चार-तीन. पुन्हा वर बसला. एक आणि चार. अर्ध्या तासात त्याने हे पाच वेळा केलं. सहाव्या वेळी कंबर धरली आणि तो अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच राहिला. मिस्त्रीने त्याला उभं केलं.

"काय म्हणतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"झोपलं की एक सांगतं, बसलं की दुसरं."

"मग झोपूनच चालवा म्हणावं बाईंना."

सावकाश हसला नाही. त्याने सरळ यंत्राला दोष दिला. यंत्रच चुकीचं वाचतंय. दीड वर्ष आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला ते यंत्र खोटं निघालं, म्हणजे मग वहीची तीनशे पानंही तशीच. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

चार वाजता बाई आल्या. गाडी झाली का असं त्यांनी विचारलं नाही, कारण दिसतच होतं. त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसल्या. एकोणीस वर्षं त्या गाडीत शिरायच्या म्हणजे त्याच बाजूने शिरायच्या. सावकाश ड्रायव्हरच्या सीटवर होता, मांडीवर यंत्र.

"मी बघत बसले तर चालेल?"

"बसा की. शेवटचं एकदा शून्य शिकवून बघतो. नाहीतर..." त्याने बटण दाबलं.

यंत्र म्हणालं, पेडलवरचा पाय काढा. सावकाशचं बोट 'हो'कडे निघालं.

"पाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी हे मोठ्याने म्हटलं नाही. दिवसातून दोनशे वेळा त्या ज्या आवाजात म्हणायच्या, त्याच आवाजात म्हटलं.

"काय?"

"पाय काढा ब्रेकवरून."

"पाय नाहीये ब्रेकवर."

"आहे."

"अहो बाई, मी बावीस वर्षं गाडी चालवली. माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही होय?"

"खाली बघा."

सावकाशने खाली पाहिलं. उजवा बूट पेडलवर होता. दाबलेला नव्हता, फक्त टेकलेला. झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा, तसा.

"टेकलाय नुसता," तो म्हणाला. "दाबलेला नाही."

बाईंनी पर्समधून शाळेचं खाकी पाकीट काढलं, वाकून त्याच्या बुटाच्या तळव्यात आणि पेडलमध्ये सरकवायला घेतलं. पाकीट शिरेना. कोपरा दुमडला.

"मला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत," बाई सरळ बसत म्हणाल्या. "समोरून आलेले लोक नमस्कार करतात, मला ओळखू येत नाहीत. पाय मात्र मी विसरत नाही. हा पाय माझ्या गाडीत तुम्ही शनिवारपासून ठेवताय. रबर एका बाजूने चकाकायला लागलंय."

सावकाशने पाय उचलला. उचलला म्हणजे त्याला तो ठरवून उचलावा लागला. पडद्यावरचा आकडा शून्यावरून हलला आणि उणे सहा झाला. पाय ठेवला, शून्य. काढला, उणे सहा. व्होल्टचे आकडे उघडून पाहिले. पाय काढला की शून्य दशांश सात, चार दशांश तीन. यंत्र दीड वर्षात एकदाही खोटं बोललं नव्हतं. तो स्वतः पेडलवर पाय ठेवून गाडीला 'हेच शून्य' असं शिकवत होता, आणि गाडी बिचारी शिकत होती. मग बाई बसायच्या, नियमाप्रमाणे पाय काढायच्या, आणि गाडीला वाटायचं की पेडल छताला जाऊन भिडलं. घाबरून ती लाल दिवे लावून ठेवायची.

त्याने यंत्र मांडीवरून बाजूला ठेवलं.

"मागे पेशंट असला की पाय असाच ठेवायला लागतो," तो म्हणाला. "आधीपासून टेकलेला असला की ब्रेक लागताना हिसका बसत नाही."

"चांगली सवय आहे," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या मागे कोणी झोपलेलं नाहीये."

सावकाश गाडीतून उतरला. स्वतःच्या पायावर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. दाराबाहेर उभं राहून, आत फक्त हात घालून, त्याने शून्य शिकवलं. हिरवी खूण आली. कोड पुसला. मग तो साडूकडे गेला.

"गाडी एकदा पंपापर्यंत न्या. पंपाच्या पुढेही न्या."

"काय होतं?"

"माझा पाय होता."

साडूने त्याच्याकडे पाहिलं. सावकाशने सगळं सांगितलं, मंगळवारी कोड नीट न वाचता 'तोच' म्हणालो तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. साडू गाडी घेऊन गेला, वीस मिनिटं आला नाही, आणि आला तेव्हा मागे एकही दिवा पेटलेला नव्हता. थांबताना लागले, ब्रेक सोडल्यावर विझले.

"सहा दिवस," साडू किल्ली देत म्हणाला, "आपण दोघं मिळून तुमचाच बूट शोधत होतो." मग म्हणाला, "उद्या ती एसी बिघडलेली गाडी यायचीय. यंत्र चार्जिंगला लावून ठेवा." साडूकडून याहून जास्त कोणी अपेक्षा करत नसे.

घरी बायकोने ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "मला विचारायचं होतंत. जेवायला बसलात की टेबलाचा आडवा दांडा दाबत असता. मधोमध रंग गेलाय त्याचा. मी पाहुण्यांना सांगते, वाळवी लागलीय."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. पाय तुमचा."

शुक्रवारी गाडी दहाला दहा मिनिटं असताना परीक्षेच्या मैदानात उभी होती. सहापैकी चार पास झाले, दोन नापास. त्यांत गाडीचा काही दोष नव्हता. दुपारी बाई गॅरेजमध्ये आल्या तेव्हा सावकाश पत्र्याखाली टेबलावर होता आणि पुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. साडूने बिल शनिवारचंच लावलं, पुढच्या फेऱ्यांचं काही नाही. बाईंनी ते चुकतं केलं आणि टेबलाशी आल्या.

"तुमच्याकडे माझं एक येणं राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय राहिलं?" सावकाश जरा दचकला.

"निदान मी केलं. त्याची फी."

"सांगा की."

"एक तास. गोदामामागचं मैदान आहे ना, जिथे मी पहिल्या दिवशी मुलांना नेते. चारी बाजूंनी भिंत आहे, तिथे लायसन कोणी विचारत नाही. तुम्ही चालवायचं, मी शेजारी बसणार. माझ्या बाजूला ब्रेक आहे."

दोन्ही गिऱ्हाइकं ऐकत होती. सावकाशने वहीचं पान उलटलं.

"मला एका डोळ्याने अंतर कळत नाही, बाई."

"मला कळतं. तुम्ही फक्त पाय काढायला शिकायचं."

"येतो," तो म्हणाला. "या रविवारी येतो."

त्या रविवारी त्याच्या बायकोला दवाखान्यात जायचं होतं. पुढच्या रविवारी मैदानात कोणाचा तरी माल उतरत होता, असं त्याने कुठूनतरी ऐकलं. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. तो बूट घालून निघाला, गोदामाच्या भिंतीपर्यंत चालत गेला. आत बाई कोणाला तरी वळण शिकवत होत्या. त्यांचा तोच आवाज भिंतीवरून येत होता. थोडा वेळ ऐकून तो घरी परतला.

आता बाई दर महिन्याला हवा भरायला गॅरेजमध्ये येतात. काच खाली करून विचारतात, "माझा तास?" सावकाश दुसऱ्या एखाद्या गाडीपाशी असतो, तिथूनच म्हणतो, "देतो, देतो. बुडवणार नाही." बाई मान हलवून काच वर करतात. स्कॅनरच्या पाटीवर नवा कोड आलेला असतो, आणि सावकाश त्या गाडीच्या दाराबाहेर उभा राहून, आत फक्त हात घालून, तो वाचत असतो.